साडेचार फुटांचा कवी आणि त्याची जीभ

(रौप्य महोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला सांगितलं, "मॅडम, विषय कोणताही घ्या, पण अर्ध्या तासात आटपा." आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या बाईला असं सांगणं म्हणजे जरा धाडसच आहे. तरी प्रयत्न करते. विषय घेतलाय अलेक्झांडर पोप, अठराव्या शतकातला इंग्रज कवी. नोटीस बोर्डवर नाव वाचून कालपासून तिघांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, "पोप म्हणजे ते रोमचे?" नाही. याचं आडनाव पोप. गंमत म्हणजे हा होता मात्र कॅथॉलिकच, आणि इंग्लंडमध्ये त्या काळी कॅथॉलिक असणं चांगलंच महागात पडायचं.

याचा जन्म लंडनमधला, २१ मे १६८८चा. वडील कापडाचे, म्हणजे लिननचे व्यापारी. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये राज्यक्रांती झाली, कॅथॉलिक राजा पळून गेला आणि प्रॉटेस्टंट राजा गादीवर आला. कॅथॉलिकांवर आधीपासून निर्बंध होतेच, ते आणखी आवळले गेले. त्यांना विद्यापीठात शिकता येत नव्हतं, सरकारी पद मिळत नव्हतं. जमिनीवर दुप्पट कर. लंडनच्या दहा मैलांच्या आत राहायला बंदी. म्हणून हे कुटुंब विंडसरच्या जंगलाजवळ बिनफील्ड नावाच्या खेड्यात राहायला गेलं. मुलगा थोडंफार इकडेतिकडे शिकला, बाकी सगळं घरी बसून. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जे हाताला लागेल ते वाचून काढलं.

साधारण बाराव्या वर्षी त्याला मणक्याचा क्षय झाला. आज या रोगावर औषध आहे, तेव्हा नव्हतं. पाठीला कुबड आलं, उंची साडेचार फुटांवर थांबली, डोकेदुखी जन्माला पुरली. डॉक्टर जॉन्सन यांनी त्याचं चरित्र लिहिलंय. त्यात ते सांगतात की मोठेपणी सकाळी उठल्यावर त्याला जाड कॅनव्हासची चोळी घट्ट आवळून बांधावी लागे, तेव्हा कुठे तो ताठ बसू शके. पाय इतके काटकुळे की तीन-तीन पायमोजे एकावर एक चढवायचे. स्वतःचे कपडे स्वतः घालता येत नसत.

हे सगळं आधीच सांगितलं, कारण पुढे मी त्याच्या जिभेबद्दल बोलणार आहे. ती जीभ फार तिखट होती. तिखट का होती हे समजलं म्हणजे ती माफ करायची असं नाही, पण समजलेलं बरं.

तुम्ही म्हणाल, आम्ही या पोपचं काही वाचलेलं नाही. वाचलेलं नसेल, पण बोललेलं आहे! माणसाच्या हातून होणाऱ्या चुका आणि दैवी क्षमा यांच्याबद्दलचं ते सुप्रसिद्ध इंग्रजी वाक्य आपण सगळे वापरतो, विशेषतः मेंटेनन्स भरायला उशीर झाला की. ते बायबलमधलं असावं असं पुष्कळांना वाटतं. ते पोपचं आहे. अर्धवट ज्ञान किती घातक असतं हे सांगणारं, मूर्ख आणि देवदूत यांची तुलना करणारं, माणसाच्या मनात आशा कशी कधी मरत नाही ते सांगणारं, ही सगळी त्याचीच वाक्यं. शेक्सपिअरच्या खालोखाल इंग्रजी भाषेने उचललेला हा कवी. यातली दोन-तीन वाक्यं तर एकाच कवितेतली, 'एसे ऑन क्रिटिसिझम'मधली. ती १७११ साली छापली, तेव्हा याला तेविसावं वर्ष चालू होतं. तेवीसाव्या वर्षी आपली मुलं काय करतात ते मी बोलत नाही, पालक समोर बसलेत.

त्याची वाक्यं जिभेवर बसतात याचं एक कारण छंदात आहे. दोन ओळी, प्रत्येकीत दहा अक्षरं म्हणा, शेवटी यमक, आणि त्या दोन ओळींत विचार पुरा. पोपने आयुष्यभर जवळजवळ हाच एक छंद वापरला. आपल्याकडे मोरोपंत म्हटलं की आर्या आठवते, तसं पोप म्हटलं की ही द्विपदी. पहिल्या ओळीत एक टोक, दुसरीत दुसरं, मध्ये लहानसा विराम. तराजूसारखं. आणि तो गडी शेवटच्या शब्दाला एका पारड्यात हळूच काहीतरी टाकतो.

त्याची एक खास युक्ती सांगते, म्हणजे कल्पना येईल. एकाच क्रियापदाला दोन न जुळणाऱ्या गोष्टी जोडायच्या. त्याच्या ओळी इथे वाचत नाही, मराठीत माझं उदाहरण देते. "ठेकेदाराने शपथ खाल्ली, वडापाव खाल्ला आणि पैसेही खाल्ले." तुम्ही हसलात. का हसलात? 'खाल्ले' हा शब्द तिन्ही ठिकाणी तोच, पण शपथ आणि वडापाव एका ताटात आल्याबरोबर त्या शपथेची किंमत कळली. पोप राणीबद्दल लिहिताना राज्यकारभाराचा सल्ला आणि दुपारचा चहा असेच एका क्रियापदाला बांधतो. नायिकेच्या ड्रेसिंग टेबलावरच्या वस्तूंची यादी देतो, तर त्यात पावडर, प्रेमपत्रं यांच्या गर्दीत बायबलही पडलेलं. टीका एका शब्दाची नाही. नुसती यादी. समजणाऱ्याला समजतं.

आता जिच्यासाठी हा विषय घेतला, त्या कवितेकडे येते. नाव 'द रेप ऑफ द लॉक'. शीर्षक ऐकून वर्गात दरवर्षी खसखस पिकायची, म्हणून पहिल्याच तासाला सांगून टाकत असे: इथे त्या शब्दाचा जुना अर्थ आहे, बळजबरीने पळवून नेणं. आणि लॉक म्हणजे कुलूप नव्हे, केसांची बट. तर, बटेचं अपहरण.

ही खरी घडलेली गोष्ट. लॉर्ड पीटर नावाचा विशीतला सरदार आणि अॅरबेला फर्मर नावाची एक सुंदर तरुणी. दोघंही कॅथॉलिक घराण्यांतली. या लॉर्डसाहेबांनी एके दिवशी गमतीगमतीत मागून जाऊन तिच्या केसांची एक बट कात्रीने कापली. ती भडकली, तिच्या घरचे भडकले, त्याच्या घरच्यांनी "एवढं काय त्यात" म्हटलं, आणि त्यावरून ते आणखी भडकले. दोन घरांतला बोलचालच बंद.

बाहेरून बघणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. पण जरा विचार करा. हे लोक म्हणजे कायद्याने कोपऱ्यात ढकललेला मूठभर समाज. लग्नं एकमेकांत, अडीअडचणीला एकमेकांचाच आधार. बाहेर सगळं जग विरोधात असताना आत भांडण परवडणारं नव्हतं. म्हणून जॉन कॅरिल नावाच्या, दोन्हीकडे ओळख असलेल्या एका सद्गृहस्थाने पोपला सांगितलं, यावर काहीतरी गमतीचं लिही. लोक हसतील, आणि हसले की बोलायला लागतील.

पोपने काय केलं? इलियड, इनीड अशा महाकाव्यांची सगळी भव्य भाषा उचलली आणि ती या बटेला लावली. नायिका बेलिंडा आरशासमोर नटते ते जणू योद्धा चिलखत चढवतोय. पत्त्यांचा डाव म्हणजे रणांगण, राजे-राण्या कापल्या जातायत. बट कापली जाते तेव्हा आक्रोश असा की ट्रॉय पडलं की काय. १७१२ साली ही कविता दोन सर्गांत छापली. १७१४ साली त्याने ती पाच सर्गांची केली, त्यात सिल्फ नावाचे हवेतले चिमुकले यक्ष आणले. बेलिंडाचे केस, कानातली, पंखा, कुत्रा, एकेकाच्या रक्षणासाठी एकेक यक्ष नेमलेला. झग्याच्या रक्षणाला निवडक पन्नास जण. लिंटॉट या प्रकाशकाने पहिल्या आवृत्तीसाठी कवीला सात पौंड दिले, दुसरीसाठी पंधरा. पोपने एका पत्रात लिहिलंय की मोठ्या आवृत्तीच्या तीन हजार प्रती चार दिवसांत खपल्या.

आता यातलं शहाणपण कुठे आहे? मला दोन ठिकाणी दिसतं.

एक अगदी लहान, चालता चालता आलेलं. दुपार कलते आहे, उच्चभ्रू मंडळी पत्त्यांना बसणार आहेत. पोप एका द्विपदीत सहज आणखी एक दृश्य दाखवून जातो. कोर्टातले न्यायाधीश आणि ज्युरी यांना भूक लागली आहे, जेवायला घरी जायचंय. म्हणून निकाल लवकर लागतो, आणि आरोपीचा जीव जातो. बस, दोन ओळी. लगेच पुन्हा पत्ते. पण वाचणाऱ्याच्या घशात तो घास अडकतो. ज्या गावात एका बटेवर एवढा गहजब, त्याच गावात एका माणसाचा गळा जेवणाच्या वेळेवर ठरतो. पोप यावर भाष्य करायला थांबत नाही. तोच जरा थांबला असता, एक हळहळ व्यक्त केली असती, तर ओळ मेली असती.

दुसरं ठिकाण म्हणजे क्लॅरिसाचं भाषण. हे त्याने १७१७ साली नव्याने घातलं. भांडण ऐन रंगात आलं असताना क्लॅरिसा नावाची बाई उभी राहते आणि फार समजूतदार बोलते. तिचा सारांश माझ्या शब्दांत असा: केस पांढरे व्हायचेच आहेत, रूप जायचंच आहे, तेव्हा जे टिकतं ते म्हणजे हसतमुख स्वभाव; डोकं शांत ठेवणाऱ्या बाईलाच शेवटी माणसं मानतात. सुंदर भाषण. आणि पुढे पोप सांगतो की टाळी एकानेही वाजवली नाही. लगेच पुन्हा मारामारी सुरू.

पण खरी मेख वेगळीच आहे. बॅरनला ती कात्री कोणी दिली होती? याच क्लॅरिसाने! सर्ग तिसरा उघडून पाहा. तिनेच काढून दिली. आधी कात्री पुरवायची आणि नंतर सर्वांनी समजुतीने घ्यावं म्हणून भाषण करायचं. पोपने तिला खोटी पाडलेलं नाही. तिचं म्हणणं खरंच आहे. फक्त ते कोण म्हणतंय याची नोंद त्याने ठेवली आहे. मी ही कविता कितीतरी वेळा शिकवली आणि प्रत्येक वेळी वाटलं, वार्षिक सर्वसाधारण सभा या माणसाने पाहिलेली असणार.

मग भांडण मिटलं का? इथे इतिहास जरा निराश करतो. कविता छापून येण्याआधीच लॉर्ड पीटरने दुसऱ्याच मुलीशी लग्न केलं होतं, आणि १७१३ साली तो देवीच्या रोगाने गेलाही. अॅरबेलाला आधी कविता आवडली, मग लोक तिच्याकडे बघून कुजबुजायला लागल्यावर ती खट्टू झाली, तेव्हा पोपने मोठ्या आवृत्तीला तिच्या नावाने गोडगोड अर्पणपत्रिका जोडली. आणि सर प्लूम नावाचं जे बावळट पात्र आहे, ते ज्यांच्यावर बेतलं ते सर जॉर्ज ब्राउन तर भलतेच संतापले. त्यांचा मुद्दा बरोबर होता; आपण वापरलेली भाषा कवितेत तशीच आली की राग येणारच.

आता पैशाची गोष्ट, कारण आपल्या खजिनदारांना ती आवडेल. पोपला सरकारी नोकरी मिळणार नव्हती, कोणा सरदाराच्या दारात उभं राहायची त्याची इच्छा नव्हती. त्याने होमरच्या इलियडचं भाषांतर करायला घेतलं आणि आगाऊ वर्गणी गोळा केली. सहा खंड, दर खंडाला एक गिनी. वर्गणीदारांची नावं पुस्तकात छापायची. म्हणजे आपल्या या स्मरणिकेत शुभेच्छुकांची नावं छापली आहेत तसंच! त्याचा मित्र जोनाथन स्विफ्ट, तोच 'गलिव्हर'वाला, लोकांना धरून धरून वर्गणीदार करत होता. १७१५ ते १७२० या काळात सहा खंड निघाले आणि पोपला पाच हजार पौंडांहून अधिक मिळाले. त्या काळी ही रक्कम प्रचंड. नुसत्या लेखणीवर स्वतंत्र आणि सुखवस्तू झालेला हा इंग्रजीतला पहिल्या काही कवींपैकी एक. तरी कागद वाचवायची सवय गेली नाही. लोकांची आलेली पत्रं उलटी करून त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने हे भाषांतर लिहिलं. ते हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. आमच्या पिढीतल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या पैशांतून त्याने थेम्सकाठी ट्विकनहॅमला घर घेतलं, बाग केली. घर आणि बाग यांच्या मधून रस्ता जात होता, म्हणून रस्त्याखालून भुयार काढलं आणि त्याला शिंपले, स्फटिक, आरसे लावून गुहा केली. (यासाठी कोणाची परवानगी घेतली होती का, असं आमच्या शेजाऱ्यांनी विचारलं. ते कमिटीवर होते.)

एवढं सगळं मिळूनही भांडणं सुटली नाहीत. इथे मला त्याची बाजू पूर्ण घेता येत नाही.

जॉन डेनिस नावाच्या वयस्क टीकाकाराची त्याने पहिल्या मोठ्या कवितेत थट्टा केली होती. डेनिसने उत्तरादाखल पुस्तिका काढली आणि त्यात पोपच्या कुबडावर, त्याच्या शरीरावर घाण शब्दांत हल्ला केला. एखाद्याच्या यमकाला नावं ठेवा, पाठीला काय म्हणून? हे घाव पोप विसरला नाही, आणि असे घाव अनेकांनी घातले. पण पुढचंही ऐका. बावीस वर्षांनी, १७३३ साली, डेनिस म्हातारा, कंगाल आणि जवळजवळ आंधळा झाला. त्याच्या मदतीसाठी नाटकाचा एक प्रयोग ठेवला, आणि त्याची नांदी म्हणा, प्रास्ताविक म्हणा, पोपने लिहून दिलं. त्यातही एखादा चिमटा काढलाच! पण लिहून दिलं. काही दिवसांतच डेनिस वारला.

याच्या उलट लुईस थिओबॉल्डचं प्रकरण. पोपने १७२५ साली शेक्सपिअरची नाटकं संपादित केली. काम घाईचं आणि कच्चं होतं. थिओबॉल्डने दुसऱ्याच वर्षी पुस्तक लिहून चुका दाखवल्या, आणि त्या बहुतेक बरोबर होत्या. फॉलस्टाफच्या मृत्यूच्या वर्णनातली त्याची एक दुरुस्ती तर आजही आवृत्त्यांत छापली जाते. पोपने काय करावं? त्याच्या काही सुधारणा दुसऱ्या आवृत्तीत मुकाट घेतल्या, आणि १७२८ साली 'डन्सियड' लिहून थिओबॉल्डलाच मूर्खांचा राजा केलं. पुढे १७४३ साली त्याला उतरवून राजकवी कॉली सिबरला त्या गादीवर बसवलं, नवं भांडण निघालं म्हणून. पहिल्या आवृत्तीनंतर पोप आपला मोठा कुत्रा बाउन्स याला घेऊन, खिशात पिस्तुलं ठेवून फिरायला जात असे. भित्रा नव्हता एवढं खरं.

'डन्सियड'मध्ये अफाट ताकद आहे. शेवटच्या ओळींत साऱ्या जगावर अंधार पडतो ते वाचून अंगावर काटा येतो. पण मधल्या कितीतरी पानांत ज्यांच्यावर तो तुटून पडतो, ती गरीब, पोटासाठी लिहिणारी माणसं आहेत. वर्गात आम्हाला त्यांची नावं तळटिपांत शोधावी लागत. त्यांना आज कोणी ओळखत नाही, आणि ज्यांच्यावर हसायचं ती माणसंच माहीत नसतील तर हसणार काय! बेलिंडाला मात्र टीप लागत नाही. माझ्या मते फरक असा की बटेच्या कवितेत पोपला त्या मुलीबद्दल माया आहे. तिच्या खोटेपणावर तो हसतो आणि तिच्या रूपावर भाळतोही, आणि ही दोन्ही एकाच ओळीत. थिओबॉल्डच्या बाबतीत फक्त हिशेब चुकता करायचा होता.

हिशेब चुकते करणाऱ्या त्याच माणसाचं घर कसं होतं? लग्न झालं नाही. मार्था ब्लाउंट ही मैत्रीण शेवटपर्यंत होती, मृत्युपत्रात तिची सोय केली. वडील १७१७ साली गेले. त्यानंतर आई त्याच्याबरोबर राहिली, नव्वदीपर्यंत. स्वतःला चोळी बांधल्याशिवाय बसता येत नसताना त्याने आईचं सगळं केलं. मित्रांनी परदेशप्रवासाला बोलावलं की आईचं कारण सांगायचा. १७३३ साली ती गेली. लहानपणी जिने सांभाळलं त्या दाईचाही तो विसर पडू देत नव्हता. ती १७२५ साली वारली, तेव्हा ट्विकनहॅमच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर तिच्या नावाची शिळा बसवली. पोप स्वतः ३० मे १७४४ रोजी गेला आणि त्याच चर्चमध्ये त्याला पुरलं.

'एसे ऑन मॅन'बद्दल बोलायचं राहिलं. त्याची गंमत एवढीच सांगते की १७३३ साली तिचे पहिले भाग त्याने नाव न घालता छापले, आणि त्याच्यावर एरवी तुटून पडणाऱ्यांनी भरभरून कौतुक केलं. नंतर नाव जाहीर झालं, तेव्हा शब्द मागे घेता येईनात.

त्याचं घर आज नाही. पुढच्या एका मालकीणबाईंना, कवीचं घर बघायला येणाऱ्या लोकांचा इतका कंटाळा आला की त्यांनी १८०८च्या सुमारास ते पाडूनच टाकलं. गुहा मात्र रस्त्याखाली अजून आहे, वर शाळा आहे. लंडनला ज्यांची मुलं आहेत त्यांनी जाल तेव्हा चौकशी करावी, ठरावीक दिवशी ती लोकांना दाखवतात.

बटेच्या कवितेची टिपांसकट एक प्रत माझ्याकडे आहे. बी विंग, पहिला मजला. कोणाला हवी असेल तर न्या, फक्त वहीत नाव लिहून न्या. मागची प्रत दोन वर्षांपूर्वी गेली ती अजून फिरतेच आहे. सेक्रेटरीसाहेब मघापासून घड्याळ दाखवतायत आणि स्वयंपाकघरातून चहाचा वास येतोय, तेव्हा इथेच थांबते. प्रश्न असतील तर चहा घेताना विचारा.